गाडींतला गारवा कोठें जातो ?



उन्हाळा तोंडावर आला कीं जुन्या मोटारींचे मालक गॅरेजच्या दारांत उभे राहूं लागतात, आणि बहुतेकांचें गाऱ्हाणें एकच असतें : "गेल्या सालीं गॅस भरला होता, तो संपला." या वाक्यांतील शेवटचा शब्द चुकीचा आहे, आणि त्या एका शब्दापायीं पुष्कळ पैसा वायां जातो. पेट्रोल संपतें, कारण तें जळतें. थंड हवेच्या यंत्रांतला वायु जळत नाहीं आणि झिजतहि नाहीं. बंद नळ्यांतून तोच तो वर्षानुवर्षें फिरत असतो. तो कमी झाला असेल तर तो गळाला आहे. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या दांड्यापाशीं थोडासा वायु कालांतरानें निसटतो, हें खरें. परंतु एका वर्षांत यंत्र रितें झालें, तर कोठें तरी छिद्र आहे, आणि तें बुजविल्यावांचून पुन्हां गॅस भरणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी ओतणें होय.

तळहातावर स्पिरिटचे दोन थेंब टाकले म्हणजे हात गार पडतो, कारण उडून जातांना तें स्पिरिट हाताची उष्णता बरोबर नेतें. मोटारींतलें यंत्र याच तत्त्वावर चालतें. मात्र उडालेला वायु तें बाहेर जाऊं देत नाहीं. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबल्यानें तो तापतो. रेडिएटरच्या पुढें बसविलेल्या कंडेन्सरच्या जाळींत बाहेरच्या हवेला उष्णता देऊन तो द्रव होतो. मग एका अरुंद व्हॉल्व्हमधून डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलमध्यें शिरून तो उकळतो आणि गाडींतील हवेची उष्णता ओढून घेतो. अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें १९४० च्या गाड्यांसाठीं असें यंत्र प्रथम देऊं केलें, तेव्हां त्याच्या कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. थंडी वाजूं लागली तर इंजिन थांबवून पट्टा उतरवावा लागे ! आपल्या जुन्या गाडीला नांवें ठेवतांना हें लक्षांत असावें.

गारवा कमी म्हणजे गॅस कमी, असेंहि नेहमीं नसतें. गाडी धांवत असतांना गार हवा येते आणि सिग्नलपाशीं उभी राहिली कीं कोमट होते, अशा वेळीं प्रथम कंडेन्सरची जाळी व त्यामागील पंखा पाहावा. जाळींत धूळ आणि किडे बसले असतील तर मंद धारेच्या पाण्यानें ती धुऊन काढावी. पुष्कळदां दुरुस्ती एवढ्यावरच भागते.

गळती शोधावयाची तर डोळे उघडे हवेत. वायूबरोबर कॉम्प्रेसरचें तेलहि नळ्यांतून फिरतें. म्हणून जेथून वायु निसटतो तेथें बहुधा तेलकट डाग पडतो व त्यावर धूळ चिकटते. सांध्यांवर साबणाचें पाणी लावलें तर बुडबुडे येतात. वायु उरलाच नसेल तर चांगला कारागीर नळ्यांत नायट्रोजन भरून हीच परीक्षा करतो. पूर्वीं ज्योतीचा दिवा घेऊन गळती शोधीत. जुन्या प्रकारचा वायु ज्योतीवर जळला कीं फॉस्जीनसारखा विषारी वायु निर्माण होतो, तेव्हां ती रीत टाकलेलीच बरी.

आतां एक गोष्ट सावकाश सांगतों, कारण येथेंच गिऱ्हाईक फसतें. इंजिन बंद असतांना नळीला दाबमापक लावून "गॅस निम्मा आहे" असें कोणी सांगितलें तर त्यावर विश्वास ठेवूं नये. बंद नळ्यांत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी दाब ठरतो तो तपमानानें, द्रवाच्या प्रमाणानें नव्हे. हल्लींच्या अनेक गाड्यांत असणारा आर-१३४ए हा वायु ३० अंश सेल्सिअसला दर चौरस इंचास सुमारें ९७ पौंड दाब दाखवितो. मग आंत द्रव शंभर ग्रॅम असो वा पांचशें. वायूचें खरें प्रमाण वजनानेंच कळतें. उरलेला वायु यंत्रानें काढून घ्यावा, नळ्या निर्वात कराव्या आणि बॉनेटखालील चिठ्ठीवर लिहिलेलें वजन तराजूवर मोजून भरावें. लहान गाड्यांत तें बहुधा अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास असतें. जास्त भरल्यानें गारवा वाढत नाहीं, उलट दाब वाढून तो घटतो.

निर्वात करण्याचा हेतु केवळ हवा काढणें हा नाहीं. नळ्यांतील ओलावा वायु व तेल यांच्याशीं मिळून आम्ल बनवितो आणि धातु खातो. दाब पुरेसा उतरला म्हणजे पाणी घरांतल्या साध्या तपमानालाहि उकळून निघून जातें. म्हणून पंप निदान अर्धा तास चालूं द्यावा. मुंबईस दाबमापकाचा काटा २९ इंचांपर्यंत जातो. पुण्याची उंची साडेपांचशें मीटरांच्या वर, तेथें हवेचा दाबच सुमारें २८ इंच. त्यामुळें काटा २७ च्या पुढें फारसा सरकला नाहीं म्हणून पंपाला दोष देऊं नये.

गाडी फारच जुनी असेल तर तिच्यांत आर-१२ हा वायु असावयाचा. हा वायु वरच्या थरांतील ओझोनचा नाश करतो, असा इशारा मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं दिला; १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याचें उत्पादन पायरीपायरीनें थांबत गेलें. अशा गाडींत नुसता आर-१३४ए ओतून चालत नाहीं. जुनें खनिज तेल त्यांत विरघळत नाहीं आणि परत कॉम्प्रेसरकडे येत नाहीं. तेलावांचून कॉम्प्रेसर लौकरच जाम होतो. तेल, ड्रायर व सांध्यांतील रबरी कडीं बदलून, नवा वायु मूळ वजनाहून दहा ते वीस टक्के कमी भरावा. स्वस्त म्हणून कोणी स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा ज्वालाग्राही वायु भरूं लागला तर गाडी तेथून काढून न्यावी. कॉइल आपल्या गुडघ्यांपुढें असते. आर-१३४ए ओझोनला उपद्रव करीत नाहीं, परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानें त्याची पृथ्वी तापविण्याची शक्ति कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. अर्धा किलो वायु दर वर्षीं हवेंत गळूं देणें म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा अर्धा टन सोडण्यासारखें आहे.

उष्ण हवेची व्यवस्था मात्र सोपी. इंजिनाचें तापलेलें पाणी डॅशबोर्डामागील एका लहान रेडिएटरमधून फिरतें, एवढेंच. तो गळूं लागला कीं कांहीं कारागीर त्याच्या दोन्ही नळ्या परस्पर जोडून टाकतात. कोंकणांत ऊब कोणाला हवी, असें वाटेल. पण पावसाळ्यांत वरंध घाटांत समोरची कांच आंतून धुरकटते, तेव्हां वातानुकूलन आणि हीटर दोन्ही लागतात. एक हवा कोरडी करतें, दुसरा ती तापवितो, आणि कांच निवळते. हीटर दुरुस्तच करून घ्यावा.

इंजिन तापल्यावर एक नळी गरम व दुसरी गार लागली तर पाणी फिरत नाहीं असें समजावें. दोन्ही कोमट, आणि तपमानाचा काटाहि वर चढत नाहीं, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असावा. ज्या गाड्यांत पाण्याच्या वाटेवर व्हॉल्व्ह असतो, त्यांत दांडी 'थंड'वर असूनहि दोन्ही नळ्या गरम राहिल्या, तर व्हॉल्व्हची तार सुटली आहे; गार आणि गरम हवा आंत एकत्र होते, आणि मालक मात्र गॅस भरीत बसतो. रेडिएटरचें झांकण गरम असतां उघडूं नये, हें वेगळें सांगावयास नकोच.

पुढच्या सीटखालचा गालिचा ओला झाला तर बोट लावून पाहावें. स्वच्छ पाणी असेल तर कॉइलखालील निचऱ्याची नळी तुंबली आहे. ती घरच्या घरीं मोकळी करतां येते. रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचें असेल तर हीटर गळतो आहे. त्याची चव घेऊं नये, तें विषारी असतें. आणि घरांत मुलें वा कुत्रें असेल तर तो गालिचा त्याच दिवशीं धुऊन काढावा.