निर्गंध वायूचा माग

मुंबईच्या हवेत मिथेन कोठून येतो, असे विचारले असता देवनारच्या कचराभूमीवरून कधी काळी गेलेला कोणीही गृहस्थ क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देईल. परंतु नाकाची ही साक्ष ग्राह्य धरता येत नाही, कारण शुद्ध मिथेनला गंधच नसतो. कचऱ्याची दुर्गंधी असते ती त्याच्या सोबतीने निघणाऱ्या गंधकयुक्त व अन्य वायूंची, आणि नळाने घरात येणाऱ्या गॅसचा वास तर गळती कळावी म्हणून हेतुपुरस्सर मिसळलेला असतो. शिवाय दावेदार अनेक आहेत: तुंबलेली गटारे, म्हशींचे तबेले, रस्त्याखालच्या गॅसवाहिन्या, आणि ठाण्याच्या खाडीतला तो चिखल, ज्यात प्राणवायूच्या अभावी सूक्ष्मजंतू हाच वायू निसर्गतः निर्माण करीत असतात.

यांतून वाहिन्यांतल्या, म्हणजे भूगर्भातून काढलेल्या वायूला वेगळे काढणे त्या मानाने सुलभ. त्याच्यासमवेत सहसा थोडा इथेन येतो, जो कचऱ्यातून वा तबेल्यातून येत नाही; आणि जंतुजन्य मिथेनमध्ये कार्बनच्या जड समस्थानिकाचे प्रमाण सामान्यतः कमी भरते. अमेरिकेतील बॉस्टन शहरात संशोधकांनी मोटारीवर मापकयंत्र चढवून ७८५ मैल रस्ते पालथे घातले, तेव्हा ३,३५६ गळत्या आढळल्या, आणि समस्थानिकांच्या पुराव्याने बोट दाखविले ते वाहिन्यांतल्या वायूकडेच.

कचरा, गटार आणि खाडी यांचा निवाडा मात्र एवढ्याने होत नाही, कारण तिन्ही ठिकाणी कर्ते सूक्ष्मजंतूच. तेथे स्थळच निश्चित करावे लागते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्यूनस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या शहरांवर प्रथम स्थूलदृष्टीच्या उपग्रहाने नजर टाकली, आणि मग सूक्ष्मदृष्टीच्या दुसऱ्या उपग्रहाने प्रत्यक्ष कचराभूमींवरून उठणारे वायूचे झोत टिपले. नोंदवहीतल्या अंदाजांहून या शहरांचे उत्सर्जन १.४ ते २.६ पट अधिक निघाले. कागदी गुणाकारावर विसंबणाऱ्या दप्तरांची ही अवस्था मला तरी अनपेक्षित वाटत नाही. कचराभूमींचा त्यातला वाटा मात्र शहरागणिक ६ ते ५० टक्के इतका भिन्न होता, म्हणजे एका शहराचा निष्कर्ष दुसऱ्याला लावण्याची सोय नाही.

आणि मुंबईला एक निराळीच अडचण आहे. ओलावा कुजण्यास पोषक खरा, पण पावसाने ढिगारे भिजतात त्याच महिन्यांत ढगांमुळे उपग्रहाला खालचे फारसे काही दिसत नाही. तेव्हा आषाढ-श्रावणातला हिशेब जमिनीवरच्या यंत्रांनाच ठेवावा लागेल.