लष्करी डॉक्टरांच्या बिल्ल्यावर साप का असतो? आणि त्यावरचा मुकुट कुठे गेला?

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि सास्तूरसारखी गावं काही क्षणांत ढिगाऱ्याखाली गेली. भूकंपग्रस्त भागात मदतीला लष्कर आलं, सोबत लष्करी डॉक्टरही आले. आर्मी मेडिकल कोअरच्या या लोकांच्या बिल्ल्यावर काठी, तिला वेढा घातलेला साप, भोवती लॉरेलची पानं आणि वर अशोकस्तंभाचे सिंह असतात. सिंहांच्या जागी पूर्वी ब्रिटिश मुकुट होता.

साप आला कुठून?

ग्रीक कथांमधला वैद्यकाचा देव अ‍ॅस्क्लेपियस. काठी आणि साप ही त्याची खूण. १८९८ साली ब्रिटनमध्ये रॉयल आर्मी मेडिकल कोअर स्थापन झाली. तिच्या बिल्ल्यावर हाच साप आणि वर मुकुट होता.

तिघांचं एक दल

भारतात तेव्हा लष्करी आरोग्यसेवेत स्पष्ट उतरंड होती. वर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी, मध्ये इंडियन मेडिकल डिपार्टमेंटचे सहायक डॉक्टर आणि खाली इंडियन हॉस्पिटल कोअरचे जवान. जखमींची शुश्रूषा करणारे, त्यांना उचलून नेणारे हेच. दुसऱ्या महायुद्धात, ३ एप्रिल १९४३ रोजी तिन्ही एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर उभी राहिली. डॉक्टर आणि स्ट्रेचर उचलणारा एकाच दलाचे झाले. बिल्ल्याची घडण मात्र ब्रिटिशच राहिली.

मुकुट गेला, साप राहिला

२६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला आणि नावातला ‘इंडियन’ शब्द गळून दल ‘आर्मी मेडिकल कोअर’ झालं. मुकुटाच्या जागी सिंह आले. ब्रीदवाक्य झालं ‘सर्वे सन्तु निरामयाः’, म्हणजे सगळे निरोगी असोत.

जुना बिल्ला कसा ओळखायचा?

आजोबांच्या ट्रंकेत असा बिल्ला सापडला, तर आधी वरचा भाग बघा. सिंह असतील तर तो प्रजासत्ताक भारतातला. मुकुट असेल तर खालच्या पट्टीवरचं नाव वाचा, कारण ब्रिटिश दलाच्या बिल्ल्यावरही मुकुटच असतो. नाव इंडियन आर्मी मेडिकल कोअरचं असेल, तर ती १९४३ नंतरच्या मोजक्या वर्षांची आठवण आहे.

आणि पंख असलेल्या काठीवर दोन साप दिसले तर? ते चिन्ह हर्मीस या दूतदेवाचं आहे. अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय विभागाने ते १९०२ मध्ये घेतलं आणि तेव्हापासून दोन्हींची गल्लत होत आली. वैद्यकाचा साप एकच.