आधी लेबल वाचा, मग डबा ठेवा

आपल्या सोयगाव तालुक्यात कापूस आहे, मका आहे. पेरणीचे दिवस आले की घरात खताच्या गोण्या येतात, बियाण्याच्या पिशव्या येतात, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या येतात. बाजारातून खोके येतात, तेलाचे डबे येतात. माल संपतो, रिकामी वस्तू मागे राहते. आपली माणसे काटकसरी. धडकी वस्तू उकिरड्यावर टाकायला हात धजत नाही. हा गुण चांगला आहे. पण वस्तू ठेवण्याआधी एक प्रश्न विचारावा : यात आधी काय होते? त्याच्या उत्तराप्रमाणे तीन ढीग करा, असे आम्ही सांगतो.

पहिला ढीग : खोके, कागद, तरट

मोठ्या खोक्याची 'गरम पेटी' होते. तळाला आणि चारी बाजूंना चुरगळलेला कागद किंवा वाळलेले गवत चांगले चार बोटे भरा. मध्ये पातेल्यापुरती जागा ठेवा. तांदूळ पाण्यात घालून, झाकण ठेवून पाच मिनिटे खळखळ उकळू द्या. मग पातेले उतरवा. बुडाला निखारा चिकटलेला नाही ना, हे पाहा. जुन्या कापडात गुंडाळून लगेच पेटीत ठेवा आणि वर गोधडी दाबा. तासाभरात भात शिजतो.

हे कसे होते? कागदाच्या घड्यांत हवा अडकते. अडकलेली हवा उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे सरपण वाचते आणि धुरात बसणे कमी होते.

धान्याच्या तरटाचा तुकडा धुऊन, ओला करून माठाभोवती गुंडाळा. तरटातले पाणी वाळताना माठाची उष्णता घेऊन जाते. उन्हाळ्यात पाणी गार राहते.

दुसरा ढीग : खताच्या आणि सिमेंटच्या गोण्या

या गोण्या मजबूत असतात, पण त्यांत धान्य किंवा पीठ भरू नका. खताची गोणी धुतली तर ते पाणी गुरांच्या तोंडी लागू देऊ नका. युरियाचे पाणी पिऊन जनावर मरते. धुतलेल्या गोणीत शेणखत वाहा, खुराड्याला आडोसा करा.

सिमेंटच्या गोण्यांनी तर गावाचे काम होते. त्यांत माती किंवा वाळू भरून, तोंड शिवून नाल्यात आडव्या रचतात. पावसाळ्याच्या शेवटी वाहून जाणारे पाणी त्याने अडते. यालाच वनराई बंधारा म्हणतात. मोहन धारिया यांनी १९८६ साली 'वनराई' ही संस्था काढली. तिचेच नाव या बंधाऱ्याला मिळाले.

तिसरा ढीग : औषधाच्या बाटल्या आणि डबे

या ढिगातले काहीही घरात ठेवायचे नाही. घासले, उकळले, उन्हात वाळवले, तरी नाही. बियाण्याला रंगीत औषध चोळलेले असते, म्हणून त्याची पिशवीही याच ढिगात टाका.

जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात एका शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे औषध सापडले. ते तेल औषधाच्या जुन्या डब्यात ठेवले असावे, असे अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले. आमचे आयुष्य शाळेत गेले. ती बातमी वाचली, त्या दिवशी घास घशाखाली उतरला नाही.

औषध कसे ओळखावे? लेबलावर पतंगासारखा चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. तांबडा म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा दिसला म्हणून डबा घरात घेऊ नका. तोही विषाचाच डबा आहे.

बाटली संपली की फवारणीच्या वेळीच तीनदा विसळा. विसळलेले पाणी पंपातच ओता. मग बाटलीला भोके पाडा, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या घरात जाणार नाही. असे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांत सांगितले आहे. विहीर आणि नाला यांच्याजवळ मात्र पुरू नका. चुलीत तर मुळीच घालू नका. त्याचा धूर विषारी असतो.

तुम्ही आता अक्षरे ओळखता. आज घरी गेलात की फळीवरचा एकेक डबा खाली काढा आणि त्यावरचे लेबल वाचा. लेबल निघून गेले असेल आणि आत काय होते हे कोणालाच आठवत नसेल, तर तो डबा तिसऱ्या ढिगातला समजा. डब्याचे मोल दोन-चार रुपये. घरातल्या लेकराचे मोल कोण करील?