केपटाऊनचे तिकीट काढण्यापूर्वी

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या अनेक कोकणी मुस्लिम घरांचे नातेवाईक केपटाऊनला आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपली माणसे बोटीने तिकडे जात राहिली आणि काही तिथलीच झाली. आज कुणाला लेकीच्या बाळंतपणाला जायचे असते, कुणाला भाच्याच्या निकाहला, तर कुणाला भावाची भेट घ्यायची असते. इतक्या लांब गेल्यावर दोन-तीन महिने राहणे आलेच. या प्रवासात सर्वांत मोठा खर्च तिकिटाचा असतो आणि चुकीची निवडही तिथेच होते. कारण आपण भाडे पाहतो, पूर्ण खर्च पाहत नाही.

मार्ग कोणता?

मुंबईहून केपटाऊनला थेट विमान नाही. वाटेत निदान एकदा विमान बदलावे लागते. इथिओपियन एअरलाइन्स अदिस अबाबामार्गे नेते, केनिया एअरवेज नैरोबीमार्गे, एमिरेट्स दुबईमार्गे आणि कतार एअरवेज दोहामार्गे. नकाशावर पाहिले तर अदिस अबाबा आणि नैरोबी सरळ वाटेवर आहेत. दुबई-दोहाला जायचे म्हणजे आधी वर जाऊन मग खाली यायचे. आफ्रिकेतल्या या दोन मार्गांचे भाडे पुष्कळदा कमी दिसते. पण त्याआधी पुढची गोष्ट नीट वाचावी.

पीतज्वराची लस

इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. अशा देशातून येणाऱ्या, किंवा तिथल्या विमानतळावर १२ तासांहून अधिक थांबलेल्या, एक वर्षावरील प्रवाशाकडे दक्षिण आफ्रिका लसीचे प्रमाणपत्र मागते. परतताना भारतातही विचारणा होते आणि प्रमाणपत्र नसल्यास सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. सर्वांत स्वस्त तिकिटात नेमका रात्रभराचा थांबा असतो. म्हणून थांबा किती तासांचा आहे ते आधी मोजावे. लस घेतली तर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि ते आयुष्यभर चालते. मात्र साठीच्या पुढच्या माणसांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊ नये. अम्मी-अब्बांना पाठवायचे असेल तर छोट्या थांब्याचे, थोडे महाग तिकीट बरे.

कधी जावे?

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत केपटाऊनला उन्हाळा आणि शाळांना सुट्टी असते. युरोपातले पर्यटकही तेव्हाच येतात आणि भाडे चढते. आपल्याकडची मे महिन्याची सुट्टीही महागच. तारीख आपल्या हातात असेल तर जूनच्या मध्यानंतर किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये शोधावे. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे मागच्या ईदच्या भाड्याचा हिशेब यंदा जुळत नाही. तारीख दोन-तीन दिवस पुढे-मागे करून पाहिली तरी फरक दिसतो.

आणखी एक गोष्ट. विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विभागलेल्या असतात. चौघांसाठी एकदम शोधले आणि स्वस्त गटात तीनच जागा उरल्या असतील, तर चौघांनाही पुढच्या गटाचा दर लागतो. म्हणून आधी एकासाठी, मग दोघांसाठी, मग सर्वांसाठी दर पाहावा.

परतीची तारीख

जाण्यायेण्याचे तिकीट एकत्र काढावे. या कंपन्यांची दोन एकेरी तिकिटे बहुधा जास्त महाग पडतात आणि व्हिसासाठीही परतीची तारीख लागते. दक्षिण आफ्रिकेचा भेटीचा व्हिसा साधारणपणे ९० दिवसांपर्यंतचा असतो. इथे ‘तीन महिने’ असा ढोबळ हिशेब नको. १ मे ते ३१ जुलै हे ९२ दिवस होतात.

बाळंतपण तारखेनुसार होईलच असे नाही. त्यामुळे तारीख बदलण्याचा आकार किती, त्यावर भाड्यातला फरक द्यावा लागतो का, आणि त्या तिकिटावर जास्तीत जास्त किती दिवस राहता येते, हे तीन प्रश्न एजंटला विचारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे.

दोन वेगळी तिकिटे नकोत

मुंबई ते दुबई एक तिकीट आणि पुढचे दुसऱ्या कंपनीचे, असे जोडले की रक्कम कमी दिसते. पण पहिले विमान उशिरा पोहोचले आणि दुसरे सुटले, तर ते पैसे गेले. सामान उतरवून पुन्हा द्यावे लागले तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. वयस्कर माणसाला परक्या विमानतळावर या अडचणीत टाकू नये. संपूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर असावा.

बेरीज करून पाहा

समजा, एक तिकीट ५० हजारांचे आहे. त्यात जादा बॅगेचे ७ हजार, रात्रीच्या हॉटेलचे ५ हजार आणि तारीख बदलण्याचे १० हजार धरले, तर ते ७२ हजारांवर जाते. दुसरे ६० हजारांचे आहे, पण त्यात दोन बॅगा, छोटा थांबा आणि एकदा तारीख बदलण्याची मुभा आहे. स्वस्त कोणते, हे सांगायला नको. व्हीलचेअरसाठी विमान कंपन्या वेगळे पैसे घेत नाहीत. ती आणि ‘मुस्लिम मील’ दोन्ही बुकिंग करतानाच नोंदवावे.

लंडनकडे जाणाऱ्यांसाठी

सौदियाने जेद्दामार्गे लंडनला जाणाऱ्यांना वाटेत उमरा करता येऊ शकतो. २०२३ पासून सौदिया आणि फ्लायनासच्या तिकिटावर ९६ तासांचा थांबा-व्हिसा सुरू झाला आहे. उमऱ्याची परवानगी ‘नुसुक’ ॲपवर घ्यावी लागते आणि हजच्या दिवसांत नियम वेगळे असतात. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी त्या दिवसाचे नियम कंपनीकडून तपासून घ्यावेत.

अनेक घरांत हे तिकीट वर्षभराच्या बचतीतून किंवा मुलांनी पाठवलेल्या पैशांतून निघते. ही रक्कम घाईत जाऊ नये. तिकिटापूर्वी एका संध्याकाळी घरातल्यांनी एकत्र बसून कागदावर सगळी बेरीज मांडावी. वाचलेले पैसे नातवंडांच्या हाती ईदी म्हणून देता येतील, इन्शाअल्लाह.