बोल्ट की वेल्ड? मागच्या ॲक्सलच्या ब्रॅकेटचं गणित

२००५ ते २०१४ च्या पिढीतली सेकंड-हँड मस्टँग घ्यायची, छोट्या स्प्रिंग लावून ती दोनेक इंच खाली बसवायची, आणि पहिल्याच जोरदार पिकअपला मागची चाकं धडधड उड्या मारायला लागली की डोकं धरून बसायचं. गाडीवेड्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. मग उपाय सांगितला जातो: "रिलोकेशन ब्रॅकेट लाव." दुकानात गेलं की पुढचा प्रश्न येतो, बोल्टचे हवेत की वेल्डचे? उत्तर द्यायला शाळेतलं टेकू-तरफेचं गणित पुरतं.

आधी उड्या का, ते पाहू. या मस्टँगला मागे एकसंध ॲक्सल आहे. त्याला पुढेमागे हलू न देण्याचं काम दोन खालचे कंट्रोल आर्म आणि मधला एक वरचा आर्म करतात, आणि आडवं सरकू न देण्याचं काम पॅनहार्ड रॉड करतो. खालच्या आर्मचं मागचं टोक ॲक्सलला आणि पुढचं टोक बॉडीला जोडलेलं असतं. वेग घेताना टायरचा रेटा मुख्यतः या खालच्या आर्ममधून बॉडीला पोचतो.

आर्म साधारण आडवा असेल तर रेटा सरळ पुढे जातो. पण बॉडी खाली बसवली की आर्मचं पुढचं टोकही खाली जातं. आता आर्म बॉडीला पुढे-खाली ढकलतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून ॲक्सलला मागे-वर. टायरवरचा भार हलका होतो, पकड सुटते, पुन्हा बसते, पुन्हा सुटते. हीच ती धडधड. ब्रॅकेट आर्मचं मागचं टोकही खाली आणतो आणि तिरकेपणा घालवतो.

आता त्या ब्रॅकेटवर जोर किती येतो? ढोबळ आकडे घेऊ. गाडी १६०० किलोची, त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट. म्हणजे एकूण रेटा सुमारे १२,५०० न्यूटन, एका चाकाचा ६,२५०. खालच्या आर्मला ॲक्सलची उलटं फिरण्याची ओढही पेलावी लागते, म्हणून त्याच्यावरचा जोर याहून जास्त असतो. दीडपट धरू: ९,४०० न्यूटन.

ब्रॅकेटने आर्मचं टोक ६ सेंटीमीटर खाली आणलं, तर तोच ब्रॅकेट ६ सेंटीमीटरची तरफ बनतो. पीळ झाला सुमारे ५६० न्यूटन-मीटर. या गाडीच्या चाकाचे नट ज्या टॉर्कला आवळतात त्याच्या साधारण चौपट! समजा, ब्रॅकेट आर्मच्या मूळ भोकात एका बोल्टने आणि त्याच्या ८ सेंटीमीटर वर दुसऱ्या बोल्टने धरला आहे. तरफेच्या नियमाने वरच्या बोल्टवर सुमारे ७,००० आणि खालच्यावर त्यात आर्मचा जोर मिळून सुमारे १६,५०० न्यूटन येतात.

चांगल्या जोडात बोल्ट हा जोर अंगावर घेत नाही. तो पत्रे घट्ट दाबून धरतो आणि जोर पेलतं ते त्यांच्यातलं घर्षण. १०.९ दर्जाचा १२ मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला तर सुमारे ५०,००० न्यूटनचा दाब मिळतो. घर्षणांक ०.१५ धरला आणि घासणारे पृष्ठभाग दोन, तर जोड १५,००० न्यूटनपर्यंत सरकत नाही.

म्हणजे वरच्या हिशेबात जोड थोडक्यात हरला! एकदा सरकायला लागला की भोक लांबट होतं, बोल्ट सैलावतो, "टक्" असा आवाज येतो आणि ते वाढतच जातं. पण रोजच्या वापरात त्वरण याच्या निम्मंही नसतं. तेव्हा खालच्या बोल्टवर जेमतेम ८,००० न्यूटन येतात आणि तोच जोड निवांत टिकतो.

निर्णय इथेच होतो. ऑफिसला जाणं आणि वीकएंडला फेरफटका, एवढाच वापर असेल तर बोल्टचे ब्रॅकेट पुरे. विकताना काढताही येतात. मात्र दोन बोल्टांतलं अंतर जास्त असलेला नमुना निवडा, दाबल्या जाणाऱ्या जागेवरचा जाड रंग खरवडून काढा (रंग दबत जातो आणि आवळ कमी होतो), टॉर्क रेंच वापरा आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नटवर रंगाची रेघ ओढून ठेवली तर तो फिरलाय का, हे वाकून पाहिलं तरी कळतं.

चिकट टायर, वाढवलेलं इंजिन आणि ड्रॅग स्ट्रिप असेल तर वेल्ड करा. वेल्डमध्ये सरकायला जागाच नसते. पण त्याचेही धोके आहेत. एकाच बाजूला सलग वेल्ड केला तर थंड होताना धातू आकसतो आणि ॲक्सलची नळी वाकू शकते. म्हणून छोटे टाके, बाजू बदलत, मध्ये थंड होऊ देत. ॲक्सलचा मधला भाग ओतीव लोखंडाचा आहे, तिथे साधा वेल्ड तडकतो. बॅटरी सोडवा, ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या वायरी बाजूला घ्या, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांना खड्डे पाडतो.

मधला मार्गही आहे: आधी बोल्टने बसवा, चालवून कोन बरोबर आहे याची खात्री करा आणि मग गरज वाटली तर कडेने वेल्ड करा. वेल्ड केल्यावर कोन बदलायचा म्हणजे ग्राइंडरच हातात घ्यावा लागतो.

आणि काहीही निवडा, विमा कंपनीला आधी कळवा. जर्मनीत राहत असाल तर असा बदल ट्यूफसारख्या संस्थेकडून तपासून कागदपत्रांत चढवावा लागतो. जोड कितीही पक्का असला तरी अपघातानंतर कागद कच्चा निघाला तर सगळं गणित फुकट.