आयोडीनला न दिसणारी तूट

भाताच्या पेजेत आयोडीनचे दोन थेंब पडले की निळाकाळा रंग उमटतो आणि विद्यार्थी ‘पिष्ट आहे’ अशी नोंद करून मोकळा होतो. तांदूळ गिरणीत पॉलिश केलेला असो वा हातसडीचा, रंग एकच. कोंड्याबरोबर निघून गेलेले ब-१ जीवनसत्त्व या परीक्षेत दिसत नाही. १९३४ साली वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला, तो याच हानीकडे बोट दाखवून. संघाची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा अर्थशास्त्रज्ञ होते. अन्नाचा कस हा त्यांच्या लेखी हिशेबाचाच विषय होता. बाजार शुभ्रतेला भाव देतो. पोषणाची तूट मात्र गरिबाच्या शरीरातून वसूल होते. म्हणूनच अन्नात काय आहे याबरोबर त्यातून काय गेले, हेही शाळांनी शिकवावयास हवे.