मीटरला न दिसणारं युरेनियम

चंडीगडच्या सेक्टर २२ मधल्या मार्केटात आरओ विकणाऱ्यानं माझ्या पेल्यात टीडीएस मीटर बुडवला. आकडा आला २८६. ‘‘देखो जी, यूरेनियम!’’

मीटर मोजतो विरघळलेले क्षार, तेही मिलिग्रॅममध्ये. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम. त्यानं शेवटचा अंकही हलायचा नाही. शिवाय चंडीगडच्या नळाला बहुतांशी भाखडा कालव्याचं पाणी येतं. धास्ती आहे ती पंजाबच्या माळव्यातल्या, भटिंडा-मानसाकडच्या बोअरवेलची. तिथंही धोका किरणांपेक्षा रासायनिक, मूत्रपिंडाला होणारा. उकळून तर काहीच साधत नाही. पाणी उडतं, युरेनियम उरतं.

वरच्या मजल्यावरच्या आंटींचा तोडगा वेगळाच: प्रोटीन पावडर. प्रथिनं किरणोत्सर्गी धातू पकडतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलेलं. ते खरंच आहे. पण पकड असते प्रथिनाच्या घडीत, आणि पोटात आधी ती घडीच उलगडते.

पाण्यातलं युरेनियम बहुधा युरेनिल रूपात असतं. दांडीत ओवलेला मणी समजा: दोन टोकांना दोन ऑक्सिजन, कमरेभोवती आणखी पाच-सहांना जागा. प्रथिनाच्या घडीत ऋणभारित ऑक्सिजन नेमके त्या कमरेच्या मापानं आले, की मणी अडकला. आपल्या शरीरात खास त्यासाठी घडलेलं प्रथिन नाही. रक्तातलं फेट्युइन कॅल्शियम सांभाळतं, त्यालाच युरेनिल घट्ट बिलगतं. प्लुटोनियम तर लोहाच्या जागी ट्रान्सफेरिनमध्ये शिरतं. पकड म्हणजे सुटका नव्हे. कधी ती नुसती वाहतूक असते.

याहून नेमकी पकड एका जिवाणूकडे आहे. त्याचं लॅनमोड्युलिन अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात २०१८ मध्ये सापडलं. ते मुळात लँथनाइड धातूंसाठी. पण २०२१ मध्ये दिसलं, की अमेरिशियम आणि क्युरियमही ते सोडत नाही.

आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची वाट निराळी. श्रीकुमार आपटे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये किरणांना न जुमानणाऱ्या डायनोकॉकस जिवाणूत दुसऱ्या जिवाणूचं फॉस्फेट सुटं करणारं विकर घातलं. इथं प्रथिन युरेनियमला धरत नाही. सुटलेलं फॉस्फेट त्याचा साका बनवतं.

‘जिवाणू किरणोत्सर्ग खातात’ हा मथळा मात्र साफ खोटा. पकडापकडी इलेक्ट्रॉनांची, अणुकेंद्राला तिचा पत्ताही नसतो. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला साडेचार अब्ज वर्षं लागतात, साक्यातही तेवढीच.

आरओ युरेनियम अडवतो, हे त्या विक्रेत्याचं बरोबर होतं. मी विचारलं, अडवलेलं जातं कुठं? त्यानं बारकी नळी उचलून दाखवली. ‘‘नाली में, जी.’’